विशेषणं नंतर, आधी प्रसंग लिहा

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याच्या वह्या तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक टिपण लिहावं लागतं: माझी मूल्यं, माझी सांस्कृतिक पार्श्वभूमी, माझ्या जमेच्या बाजू, माझ्या मर्यादा. पहिल्या खेपेची टिपणं इतकी सारखी असतात की नावं झाकली तर लिहिणाऱ्यालाही आपलं कुठलं ते ओळखता येऊ नये. मूल्यं म्हणजे प्रामाणिकपणा, मेहनत, माणुसकी. पार्श्वभूमी म्हणजे ‘आमचं घर संस्कारी’. जमेची बाजू, सगळ्यांशी जुळवून घेणं. आणि मर्यादा काय, तर ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ मर्यादेच्या रकान्यातही स्वतःची पाठ थोपटून घेतलेली!

नोकरीच्या अर्जाला हे खपून जातं. पण ज्यांचं काम माणसांशी आहे, म्हणजे समुपदेशक, परिचारिका, शिक्षक, समाजकार्यकर्ते, किंवा ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात असं कुणीही, त्यांना असल्या टिपणाचा काडीचा उपयोग नाही. समोरचा बोलतो तेव्हा कशाला कान द्यायचा आणि काय कानाआड करायचं, हे आपण ज्या वातावरणात वाढलो त्याने बरंचसं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते माहीत नसलं की आपली आवडनिवड समोरच्याच्या फाइलमध्ये त्याचा दोष म्हणून नोंदली जाते. हे मी वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहते, आणि म्हणून मी विद्यार्थ्यांना सुरुवातीला विशेषणं लिहूच देत नाही. आधी प्रसंग, मग त्यातून निघालं तर विशेषण.

प्रसंगांची वही

दोन-तीन आठवडे नुसते प्रसंग लिहा. मोठे नकोत. आयुष्याला कलाटणी देणारे प्रसंग आपण इतक्या वेळा सांगितलेले असतात की त्यांची गोष्ट कधीच तयार झालेली असते. नवीन काही निघत नाही. साधे घ्या. कुणी बोलणं मध्येच तोडलं. कुणी उशिरा आलं आणि दिलगिरीही व्यक्त केली नाही. कुणी न मागता मदत केली. निवडताना एकच बघा: प्रसंगाच्या मानाने भावना जास्त होती का? क्षुल्लक गोष्टीवरून आलेला राग, विनाकारण वाटलेलं अवघडलेपण, आणि एखाद्याबद्दल पहिल्या पाच मिनिटांतच वाटलेला विश्वाससुद्धा. हा शेवटचा प्रकार लोक लिहायचा विसरतात. ‘हा आपल्यातला दिसतो’ ही भावना नावडीपेक्षा जास्त घोळ घालते, कारण तिच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही.

पान उभं दुमडा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, शक्यतो बोललेल्या शब्दांनिशी. उजवीकडे मनात आलं ते. ‘ती उद्धटपणे बोलली’ हे डावीकडे चालणार नाही. डावीकडे येईल: ‘मी विचारलं, “गेल्या वेळी का आला नाहीत?” तिने फोनवरून नजर न काढता “जमलं नाही” म्हटलं.’ उद्धट हा शब्द उजवीकडचा. ऐकायला सोपं वाटतं, पण ही फाळणी अंगवळणी पडायला भल्याभल्यांना वेळ लागतो. या सगळ्या पद्धतीतली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर हीच करा.

आणि तूर्तास ‘का’ लिहू नका. आपण असं का वागलो याचं उत्तर मन झटकन देतं, आणि ते पटतंही; गोम तिथेच आहे. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग नोंदवला. नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून लोकांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितला. चारही जोड हुबेहूब सारखे होते. उजव्या टोकाचा जोड इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा निवडला गेला. पण तो तिथे होता म्हणून निवडला, असं आपणहून कुणीच म्हटलं नाही. पायमोज्यांच्या बाबतीत ही गत, तर ‘मला त्या माणसाचा राग का आला’ याच्या पहिल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. ‘का’ऐवजी ‘काय’ विचारा. त्या क्षणी मला काय हवं होतं? मी काय गृहीत धरलं होतं? मी गप्प बसलो तर नेमकं काय बिघडेल असं वाटलं?

मूल्यं: कशासाठी काय सोडलं

पंधरा-वीस प्रसंग जमले की मूल्यांकडे या. एखादी गोष्ट आवडते म्हणून ती मूल्य होत नाही. तिच्यासाठी काहीतरी सोडावं लागलं असेल तर होते. ‘प्रामाणिकपणा’ लिहायचाय ना? मग खरं बोलल्यामुळे काय गमावलं तो प्रसंग दाखवा. काहीच गमावलं नसेल तर प्रामाणिकपणा तुम्हाला पटतो एवढंच म्हणता येईल. त्यात वाईट काही नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

वहीखेरीज आणखी दोन पुरावे घरातच असतात: गेल्या महिन्याचा खर्च आणि गेल्या महिन्याचा वेळ. वेळ कुठे गेला हे आठवून लिहू नका, फोनमधल्या नोंदी आणि कॅलेंडर बघून लिहा. आठवण आपल्या बाजूने साक्ष देते. ‘शिकत राहणं’ हे मूल्य मानणाऱ्या माणसाच्या महिन्यात शिकण्याला एक तासही नसेल, तर दोनपैकी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी: महिना किंवा यादी. कधी कधी यादीच दुरुस्त करणं जास्त प्रामाणिक असतं. एका विद्यार्थिनीने ‘करिअर’ खोडून ‘धाकट्या भावंडांची जबाबदारी’ लिहिलं आणि म्हणाली, ‘हे लिहिताना हलकं वाटलं, पण हे मूल्य आहे की नाइलाज ते कळत नाही.’ मी तिला ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं. प्रश्नचिन्हासकट.

यादी खरी आहे का हे ओळखायची आणखी एक युक्ती. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ साली मूल्यांचे दहा मूलभूत गट मांडले आणि ते वर्तुळात बसवले. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. सुरक्षिततेच्या आणि परंपरेच्या समोर स्वतःचा मार्ग स्वतः ठरवणं आणि नवं करून बघणं येतं. सत्ता आणि यश यांच्या समोर इतरांचं भलं. तुमच्या यादीतली कुठलीच दोन मूल्यं भांडत नसतील तर यादी पाठ्यपुस्तकातून उतरलेली आहे असं समजा. खऱ्या माणसाला सुरक्षितताही हवी असते आणि मोकळीकही. मग लिहायचं काय, तर दोन्ही एकदमच समोर ठाकली तेव्हा कुणाची सरशी झाली आणि कुठल्या परिस्थितीत. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ यापेक्षा ‘बरोबरीच्यांशी मी स्पष्ट बोलते, वयाने मोठ्या माणसासमोर मूग गिळून बसते’ हे वाक्य शंभर पटीने कामाचं.

पार्श्वभूमी: जे कधी बोललं गेलं नाही

इथे लोक सर्वांत जास्त अडखळतात. संस्कृती म्हटलं की सण, पोशाख, भाषा लिहून मोकळे होतात. हे सगळं बाहेरून दिसतं. कामाच्या वेळी आडवे येतात ते घरातले न बोललेले नियम. राग आला की काय करायचं: बोलून टाकायचं की खोलीत जायचं? मदत मागणं म्हणजे जवळीक की कमीपणा? पाहुण्यासमोर घरातली गोष्ट काढायची का? कुणी गप्प असेल तर ते संमती, नाराजी की आदर? रडायची मुभा कुणाला होती? पैशाबद्दल मुलांसमोर बोललं जायचं का? या प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा नियम कुणी मोडला तर काय व्हायचं. शिक्षा आठवली की नियम सापडतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एका विद्यार्थ्याने त्याच्याकडे आलेल्या चाळिशीतल्या बाईंबद्दल लिहिलं होतं: ‘आत्मविश्वासाचा अभाव. परावलंबी. निर्णयक्षमता कमी.’ घडलं काय होतं? त्याने त्यांच्यासाठी कामाची एक संधी शोधली होती. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘घरी विचारून सांगते.’ बस्स. मी त्याला पान दुमडून पुन्हा लिहायला लावलं, डावीकडे फक्त संभाषण. तेव्हा निघालं की ‘घरी विचारून सांगते’च्या आधी बाईंनी कामाचे तास विचारले होते, आठवड्याची सुट्टी विचारली होती, अंथरुणावरच्या वडिलांना दुपारचं औषध द्यायची वेळ सांगून मधली सुट्टी तेव्हाच घेता येईल का हेही विचारलं होतं. म्हणजे निर्णयाची निम्मी जुळवाजुळव त्यांनी तिथेच बसल्या बसल्या केली होती. राहिला होता तो घरातल्यांशी वेळांचा मेळ. यातलं काहीच त्याच्या पहिल्या नोंदीत नव्हतं, कारण ‘विचारून’ हा शब्द कानावर पडताच त्याचं ऐकणं थांबलं होतं.

मग त्याच्याकडे वळलो. तो सोळाव्या वर्षी शिकायला घराबाहेर पडला. सल्ला घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून निर्णय एकट्याने घ्यायची सवय लागली, आणि पुढे त्या सवयीचं मूल्य झालं: माणसाने आपले निर्णय आपणच घ्यावेत. त्याच्या मूल्यांच्या यादीत ‘स्वातंत्र्य’ पहिल्या क्रमांकावर होतं, पण पार्श्वभूमीच्या रकान्यात सोळाव्या वर्षाचा उल्लेखही नव्हता. दोन्ही रकाने असे वेगवेगळे भरले जातात म्हणूनच निरुपयोगी ठरतात. प्रत्येक मूल्यापुढे ‘हे मी कुठे शिकलो, आणि तेव्हा दुसरा पर्याय होता का’ हे लिहा. बहुतेकांच्या पार्श्वभूमीचा धागा तिथेच सापडतो.

याची दुसरी बाजूही त्याच बैठकीत बोलावी लागली. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून हात झटकणं हाही आळसच. विचारल्याशिवाय निर्णय न घेणाऱ्या एखाद्या बाईवर खरोखरच दबाव असू शकतो. ते कळायला विचारावं लागतं: ‘घरच्यांनी नाही म्हटलं तर काय कराल?’ उत्तर ‘मग समजावेन’ असेल तर एक गोष्ट. उत्तराआधी दाराकडे नजर गेली तर दुसरी. अंदाज बांधायचा नाही, विचारायचं, हाच सगळा मुद्दा.

पार्श्वभूमीतलं एकही अंग सुटू नये यासाठी पामेला हेज या मानसशास्त्रज्ञांची यादी मी वापरते: वय आणि पिढी, अपंगत्व (जन्मजात वेगळं, नंतर आलेलं वेगळं), धर्म किंवा आध्यात्मिक धारणा, वांशिक ओळख, आर्थिक-सामाजिक स्तर, लैंगिक कल, आदिवासी किंवा मूलनिवासी वारसा, राष्ट्रीयत्व, लिंगभाव. त्यात मी भाषेची भर घालते, कारण आपण बोलतो तीच भाषा प्रमाण मानली जाते की तिला हसतात यावर माणसाचा अर्धा वावर ठरतो. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: यामुळे मला कधी थांबावं लागलं, समजावून सांगावं लागलं, लपवावं लागलं? जिथे भराभर लिहिता येतं तिथे तुम्ही सोसलंय. जिथे पान कोरं राहतं तिथे बहुधा तुम्ही सोयीच्या बाजूला आहात. पायऱ्या सहज चढणाऱ्याला इमारतीत किती पायऱ्या आहेत हे सांगता येत नाही. कोऱ्या जागा भरायची घाई नको. त्यांवर खूण करून ठेवा. त्या विषयावर समोरचा बोलू लागला की तुम्ही कमी बोलायचं आणि जास्त विचारायचं.

हे सगळं एकदा करून संपत नाही. मेलनी टर्व्हॅलन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शिक्षणासंदर्भात हेच मांडलं: इतरांच्या संस्कृतीवर प्रभुत्व मिळवल्याचा दाखला कुणाला मिळत नसतो, नम्रपणे स्वतःला तपासत राहावं लागतं, आणि डॉक्टर-रुग्ण यांच्यातल्या सत्तेच्या फरकावरही नजर ठेवावी लागते. सत्तेचा हा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात. फाइल कुणाच्या हातात आहे, हा पार्श्वभूमीतलाच प्रश्न आहे.

जमेचं आणि उणं

इथे दोन स्वतंत्र याद्या करूच नका. एका गुणाचं नाव घ्या आणि तो कुठे उपयोगी पडतो, कुठे नडतो, हे एकाच वाक्यात लिहा. मी माणसांना शेवटपर्यंत बोलू देते. पहिल्या भेटीत हे फार उपयोगी पडतं. दहा जणांच्या बैठकीत त्याचाच त्रास होतो, बोलणारे बोलत राहतात आणि गप्प बसणाऱ्यांची वेळच येत नाही. म्हणून बैठकीचं घड्याळ मी दुसऱ्या कुणाच्या हाती देते. यात ‘म्हणून’पासून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ज्या मर्यादेच्या वाक्यात ‘म्हणून’ येत नाही ती नुसती कबुली झाली, आणि कबुलीने कुणाचं काम होत नाही.

मर्यादेची जात ओळखली की ‘म्हणून’ आपोआप सुचतं. काही शिकून भरून निघतात: नोंदी नीट न लिहिणं, कायद्याची माहिती नसणं. काही स्वभावाच्या असतात. त्या बदलायच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्याभोवती व्यवस्था लावावी, जशी घड्याळाची. काही फक्त ‘सध्या’च्या असतात, आणि याच सर्वांत जास्त लपवल्या जातात. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर काही काळ अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं काम मागून घेऊ नका, आणि वरिष्ठांना तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. न सांगण्यात मात्र रुग्णाचं नुकसान आहे. शेवटी काही कामं आपली नसतातच. ती कुणाकडे सोपवायची, ते नाव आणि फोन नंबर वहीच्या मागच्या पानावर असू द्या.

आता इतरांना विचारण्याबद्दल. आपली पाठ आपल्याला दिसत नाही हे खरं, पण प्रत्येक गोष्ट इतरांनाच जास्त कळते असंही नाही. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं की अस्वस्थता, चिंता अशा आतल्या गोष्टींचा अंदाज माणसाला स्वतःला बरा असतो. बुद्धिमत्ता, सर्जनशीलता अशा ज्यांत मान-अपमान गुंतलेला असतो, त्या बाबतींत मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो. म्हणून ‘मला कशाची भीती वाटते’ हे स्वतःला विचारा, आणि ‘मी किती चांगलं समजावते’ हे ज्यांना समजावलं त्यांना.

विचारायचीही रीत आहे. ‘माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘छे, काहीच नाही.’ समोरच्याला संकोचात टाकणारा प्रश्न आहे तो. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुमचं काम कुठे अडलं?’ किंवा ‘मी सांगितलेलं कधी दोनदा विचारावं लागलं?’ तीन माणसं निवडा: एक तुमच्या वरचा, एक बरोबरीचा, आणि एक असा ज्याच्यावर तुमची सत्ता चालते. तिसऱ्याला समोरासमोर विचारू नका. चिठ्ठीवर, नाव न घालता लिहू द्या. उत्तर आल्यावर खुलासा करायचा नाही. ‘त्या दिवशी काय झालं होतं माहितेय का...’ अशी सुरुवात केलीत की पुढच्या वेळी तुम्हाला खरं कुणी सांगणार नाही. ‘बरं झालं सांगितलंत’ एवढं पुरे.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर एक सोपा उपाय सांगत: महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय निष्पन्न होईल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. विद्यार्थ्यांना एवढी सवड नसते, म्हणून आम्ही प्रत्येक भेटीआधी दोन ओळी लिहितो: आज काय होईल असं वाटतं, आणि कशात अडकू. सत्राअखेर अपेक्षा आणि वास्तव यांतली तफावत कुठल्या बाजूला पडते ते दिसतं. काहींना दरवेळी वाटतं आपण अडकू, आणि अडकत नाहीत. त्यांची मर्यादा कौशल्याची नाही, हे तेव्हा कळतं.

कधी थांबायचं, काय दाखवायचं

चिंतन आणि उगाळणं यांत फरक आहे; मानसशास्त्रातही या दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजतात. ओळखायचं कसं? वहीत तीच तक्रार तिसऱ्यांदा आली आणि डावीकडच्या रकान्यात नवा तपशील एकही नाही, म्हणजे उगाळणं सुरू झालंय. तो प्रसंग बंद करा, दुसरा घ्या. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. जुनी जखम उघडून झोप उडत असेल तर वही ठेवून जाणकाराकडे जा. ही वही उपचारासाठी नाही.

टिपण गुणांसाठी द्यायचं असेल तर वही वेगळी आणि टिपण वेगळं. ज्याच्या हातात तुमचे गुण आहेत त्याला सगळं सांगायला तुम्ही बांधील नाही. तपासणारी म्हणून मी हे उघडपणे सांगते, कारण नाहीतर विद्यार्थी एकतर पाट्या टाकतात नाहीतर नको इतकं उघडं करतात. आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील वहीतसुद्धा नको.

द्यायचं टिपण एका पानाचं पुरे. एक प्रसंग, डावा-उजवा रकाना मिळून सात-आठ ओळी. मी काय गृहीत धरलं. ते कुठून आलं. त्यात माझ्या कुठल्या दोन मूल्यांची ओढाताण होती. पुढच्या वेळी पहिला प्रश्न कोणता विचारेन. त्या विद्यार्थ्याच्या सुधारलेल्या टिपणाचा शेवट असा होता: ‘कुणी “विचारून सांगतो” म्हटलं की मला चीड येते. म्हणून आता ते ऐकलं की मी विचारतो, “कुणाकुणाशी काय काय बोलावं लागेल?” आणि यादी करायला मदत करतो.’ त्यात एकही विशेषण नाही, आणि मला ते पूर्ण गुणांचं वाटलं.

पानाच्या वर तारीख घाला आणि सहा महिन्यांनंतरची तारीखही लिहा. तो दिवस आला की जुनं न वाचता नवं टिपण लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवा. जिथे मजकूर शब्दशः सारखा आला असेल तिथे बहुधा पाठ झालेलं उतरलंय. तेवढ्या भागासाठी नवे प्रसंग गोळा करायला लागा.